परक्या शहरात चकवा कुणाला लागतो? केव्हिन लिंच यांच्या पुस्तकाकडे जरा तिरकं बघताना

'नवख्या शहरात माणसं वाट का चुकतात' असा काहीतरी विषय डोक्यात घेऊन तुम्ही प्रस्ताव लिहायला बसलात, की पहिल्या तासाभरातच एक नाव समोर येऊन उभं राहतं. केव्हिन लिंच. पुस्तक 'द इमेज ऑफ द सिटी', साल 1960, प्रकाशक एमआयटी प्रेस. भूगोल, वास्तुकला, मानसशास्त्र, पर्यटन, कुठल्याही दाराने आत शिरा, हे पुस्तक उंबरठ्यावर बसलेलंच असतं. आणि एकदा ते सापडलं की प्रस्तावाचं पहिलं पान आपोआप भरतं. शहराची मनातली प्रतिमा पाच घटकांची बनते, ती स्पष्ट असेल तर माणूस हरवत नाही, म्हणून आम्ही अमुक शहरातले हे पाच घटक शोधणार आहोत.

या लेखात मला त्या 'म्हणून'वर बोट ठेवायचंय.

आधी पुस्तकाबद्दल दोन चांगले शब्द, आणि ते मनापासून. दोनशे पानांच्या आतलं पुस्तक, समासात हाताने काढलेले छोटे नकाशे, भाषा इतकी साधी की आजचे शोधनिबंध वाचून आल्यावर माणसाला हायसं वाटतं. लिंच यांनी तीन अमेरिकन शहरं घेतली: बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस. तिथल्या लोकांना मध्यवस्तीचा नकाशा कागदावर आठवणीतून काढायला सांगितला, घरापासून कामापर्यंतचा रस्ता तोंडी वर्णन करायला सांगितला, शहरातल्या कोणत्या गोष्टी ठळकपणे आठवतात ते विचारलं. काहींना फोटो दाखवले, काहींना प्रत्यक्ष रस्त्यावर नेलं. शिवाय एका प्रशिक्षित निरीक्षकाने तोच भाग स्वतंत्रपणे फिरून टिपून ठेवला होता, म्हणजे लोकांच्या मनातलं शहर आणि निरीक्षकाच्या डोळ्यांना दिसलेलं शहर शेजारी ठेवता आलं. त्यातून ते पाच घटक निघाले: मार्ग, कडा, विभाग, नाके आणि खुणा. मार्ग म्हणजे ज्यावरून आपण जातो. कडा म्हणजे नदी, रेल्वेचे रूळ, उंच भिंत, असं काहीतरी जे शहराला तोडतं. विभाग म्हणजे ज्याच्या आत शिरलो हे कळतं असा तुकडा. बाकीचे दोन सांगायची गरज नाही.

शहर 'वाचता' येण्याला लिंच यांनी दिलेलं नाव आज साऱ्या जगात वापरलं जातं. लंडनमध्ये पादचाऱ्यांसाठी जे नकाशांचे खांब उभे आहेत, त्या योजनेचं नाव 'लेजिबल लंडन'. म्हणजे वाचता येणारं लंडन. एका पुस्तकातली संज्ञा पन्नास वर्षांनी रस्त्याच्या कडेला खांब होऊन उभी राहते, हे किती जणांच्या नशिबी येतं?

आता सॅम्पल बघा. बोस्टनमध्ये 30 माणसं. जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमध्ये प्रत्येकी 15. एकूण 60.

तुम्ही लगेच म्हणाल, सॅम्पल लहान आहे. बरोबर, पण ही टीका फार स्वस्त आहे. खोल मुलाखतींच्या अभ्यासात साठ माणसं काही लाजिरवाणी नाहीत. आणि लिंच यांनी ते स्वतःच कबूल केलंय: ही माणसं मुख्यतः व्यावसायिक आणि व्यवस्थापक वर्गातली आहेत, यांच्यावरून सगळ्या शहराची प्रतिमा काढता येणार नाही, असं पुस्तकातच आहे. व्हायव्हामध्ये समोरच्याने आधीच मान्य केलेली मर्यादा आपणच शोधल्यासारखी मांडली, की परीक्षक गालातल्या गालात हसतात. तेव्हा आकड्यावर थांबू नका. माणसं कोण होती ते बघा. ती सगळी त्या भागाशी परिचित होती, आणि हे अपघाताने झालेलं नव्हतं. निवडीची अटच ती होती. जे शहराला ओळखतात त्यांच्या मनात शहर कसं साठवलेलं असतं, हा प्रश्न असेल तर अट अगदी योग्य आहे.

पण मग त्या साठ जणांमध्ये कालच विमानातून उतरलेला एकही माणूस नाही. भाषा न येणारा नाही. खिशात मोजके पैसे असलेला विशीतला प्रवासी नाही. ज्या पुस्तकाचा आधार घेऊन आपण 'परक्या शहरात हरवणं' समजून घ्यायला निघालोय, त्या पुस्तकात परका माणूस मोजलेलाच नाही. पुस्तकाने जे केलं ते ठीकच आहे. गडबड होते ती आपण त्याचा दाखला देताना. रहिवाशांच्या आठवणीवरचा अभ्यास आपण नवख्याच्या गोंधळावरचा अभ्यास म्हणून खपवतो.

आणि हा घोटाळा लिंच यांच्यापुरता नाही. 1976 मध्ये स्टॅनली मिलग्राम (हो, विजेच्या झटक्यांच्या प्रयोगावालेच) आणि डेनिस जोदले यांनी पॅरिसच्या 218 रहिवाशांकडून शहराचे नकाशे काढून घेतले. त्यातली सर्वांना आवडणारी गोष्ट म्हणजे लोकांनी सीन नदीचं वळण प्रत्यक्षापेक्षा खूप सरळ करून टाकलं होतं. हा दाखला पर्यटकांवरच्या निबंधात दिसला, की मी पेन्सिल घेऊन समासात प्रश्नचिन्ह काढते. वर्षानुवर्षं त्या नदीवरून ये-जा करून ज्यांनी ती मनात सरळ केली, त्यांची चूक आणि स्टेशनातून बाहेर पडून नदी कुठल्या बाजूला आहे हेच माहीत नसलेल्याची अवस्था, या एका जातीच्या गोष्टी आहेत का? पहिल्याच्या मनात नकाशा आहे, थोडा वाकडा. दुसऱ्याकडे नकाशाच नाही.

दुसरा मुद्दा माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण माझं स्वतःचं काम मुंग्यांच्या वाट शोधण्यावर आहे. आमच्या क्षेत्रात 'हरवणं' हा शब्द असाच वापरता येत नाही. ट्युनिशियाच्या खारवट सपाट जमिनीवर राहणाऱ्या कॅटाग्लिफिस मुंग्यांचं उदाहरण घ्या. ही मुंगी अन्न शोधत वेडीवाकडी भटकते, आणि अन्न मिळालं की सरळ रेषेत बिळाकडे निघते, कारण ती जाताना दिशा आणि अंतर यांचा हिशेब ठेवत असते. आता परतीला निघालेल्या मुंगीला उचलून दुसरीकडे ठेवा. ती त्याच दिशेने तेवढंच अंतर सरळ धावते, जणू तिला कुणी उचललंच नव्हतं. तिथे बीळ नसतं. मग ती गोल गोल चकरा मारू लागते. प्रत्येक चक्कर आधीपेक्षा मोठी, आणि मध्येमध्ये ती पुन्हा सुरुवातीच्या जागी येते. रुडिगर वेनर आणि एम. व्ही. श्रीनिवासन यांनी 1981 मध्ये हा शोध घेण्याचा नमुना सविस्तर मांडला. यात एक फार मोलाची गोष्ट आहे. सरळ धाव संपून चक्कर सुरू होते तो क्षण कागदावर दाखवता येतो. मुंगी 'इथे' शोधायला लागली.

लिंच यांच्या पुस्तकात असा क्षण नाही. असूच शकत नाही, कारण त्यांनी खोलीत बसलेल्या माणसाकडून नकाशा काढून घेतला. नकाशात रस्ता चुकीचा जोडला किंवा एखादा भाग कोरा सोडला, तर त्या माणसाची प्रतिमा तिथे धूसर आहे एवढं म्हणता येतं. तो तिथे गेल्यावर हरवेल का? माहीत नाही. आपण सगळे अशा कितीतरी जागी रोज बरोबर पोचतो ज्यांचा नकाशा आपल्याला काढता येणार नाही. तुमच्या कॉलेजच्या वाचनालयाचा आराखडा काढून बघा, मग कळेल.

एक वही घ्या आणि चार कप्पे पाडा. एका बाजूला 'माणूस खरंच भरकटलाय की नाही', दुसऱ्या बाजूला 'त्याला तसं वाटतंय की नाही'. भरकटलाय आणि कळलंय, हा एक कप्पा. भरकटलाय पण कळलेलं नाही, तो ऐटीत उलट्या दिशेने चाललाय, हा दुसरा. योग्य रस्त्यावर आहे पण छातीत धडधडतंय, हा तिसरा. पहिल्यांदा परदेशी गेलेल्या तरुण प्रवाशाचा बराच वेळ माझ्या मते याच कप्प्यात जातो. चौथा निवांत. मुलाखतीत 'तुम्ही कधी हरवलात का' असं विचारलं की फक्त वाटण्याची बाजू हाती लागते. जीपीएसचा माग गोळा केला की फक्त असण्याची. बहुतेक प्रस्तावांत या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली झाकलेल्या असतात, आणि निष्कर्षात एकीचं माप दुसरीला लावलेलं असतं.

मराठीत आपल्याकडे यासाठी 'चकवा' हा किती नेमका शब्द आहे. रात्री रानात माणूस सरळ चालतोय असं समजून चालत राहतो आणि फिरून त्याच झाडापाशी येतो. आजीच्या गोष्टीत त्यामागे भूत असतं. 2009 मध्ये यान साउमन आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं: लोकांना जर्मनीतल्या घनदाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात सोडलं, सरळ चाला म्हणून सांगितलं आणि जीपीएसने माग घेतला. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. जंगलात आभाळ भरलेलं असताना ती गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत राहिली, आणि त्यांना पत्ता नव्हता. चार कप्प्यांतला दुसरा कप्पा, स्वच्छ मोजलेला. सहभागी माणसं थोडीच होती, पण प्रश्न आणि मोजमाप एकमेकांना धरून आहेत.

शहरातही असं काम झालंय, फक्त त्याचा बोलबाला कमी. 'तुम्ही इथे आहात' असं लिहिलेले नकाशे आपण मॉलमध्ये, स्टेशनवर बघतो. मार्विन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवलं की नकाशाची वरची बाजू आणि बघणाऱ्याच्या समोरची दिशा जुळत नसेल, तर माणसं तो नीट बघूनही चुकीच्या दिशेने चालू लागतात. यात रहिवाशाच्या आठवणीचा संबंध नाही, जागेची ओळख असण्याची अट नाही. नवखा माणूस, एक नकाशा, आणि पाय कुठे वळले. लेजिबल लंडनच्या खांबांवर उत्तर दिशा मुकाट्याने वर ठेवलेली नाही, तुम्ही जिकडे तोंड करून उभे आहात ती दिशा वर आहे. मला विचाराल तर नवख्या माणसाच्या दृष्टीने त्या योजनेच्या नावात लिंच आहेत आणि तिच्या उपयोगात लेव्हिन.

एका परिषदेच्या निमित्ताने मी बोस्टनला गेले, तेव्हा लिंच यांचं पुस्तक माझं वाचून झालेलं होतं. बोस्टन कॉमन या मोठ्या बागेबद्दल त्यांनी लिहिलंय की तिला पाच बाजू आहेत, कोपरे काटकोनात नाहीत, त्यामुळे रहिवाशांनाही तिचा आकार मनात नीट बसवता येत नाही. निरीक्षण पक्कं आहे. बागेच्या कडेकडेने चालताना शरीराला वाटतं की आपण चार वळणांत परत येणार, आणि येत नाही. पण डिसेंबरमध्ये तिथे साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. भारतीय सिमवर डेटा नव्हता. त्या संध्याकाळी कोपऱ्याचा कोन किती अंशांचा आहे हा माझा प्रश्न राहिला नव्हता. कुणाला विचारायचं, हा होता. थांबून विचारावं इतकी ही बाई निवांत दिसतेय का? हा माणूस एकटा का उभा आहे? एका गृहस्थांनी अगदी प्रेमाने सांगितलं, 'दोन ब्लॉक पुढे.' ब्लॉक म्हणजे किती? सांगलीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात हे एककच नाही. आपल्याकडे 'मारुतीच्या देवळावरून पुढं या, पिठाची गिरणी लागंल' असं सांगतात. शिवाय बोस्टनच्या त्या जुन्या भागात रस्तेच इतके वेडेवाकडे की सगळे ब्लॉक एका मापाचे नाहीत.

हे सांगितलं ते दोन गोष्टींसाठी. एक, शहराची खूणभाषा आतल्या माणसाला धरून बनलेली असते. बोस्टनच्या भुयारी रेल्वेत दिशा दाखवायला 'इनबाउंड' आणि 'आउटबाउंड' हे शब्द आहेत, म्हणजे मध्याकडे आणि मध्यापासून दूर. मध्य कुठे हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी याहून सोपं काही नाही. यावर हसायच्या आधी मुंबईत पहिल्यांदा आलेल्याला 'दादरला उतर आणि वेस्टला ये' सांगून बघा. मार्ग, कडा, नाके हे सगळं जागेवर असूनही माणूस अडकतो, कारण अडचण शब्दात आहे. लिंच यांच्या पाच घटकांत शब्दांना स्वतंत्र जागा नाही. रस्त्यांची नावं प्रतिमेला बळकटी देतात असं ते म्हणतात, पण ती नावं उच्चारता येतात का, विचारता येतात का, हा प्रश्न रहिवाशाला पडत नाही आणि म्हणून अभ्यासातही येत नाही.

दुसरी गोष्ट हरवण्याच्या किमतीची. इथे लिंच यांच्याशी न्यायाने वागायला हवं. सगळं शहर आरशासारखं लख्ख असावं असं त्यांचं म्हणणं होतं, हा समज दुसऱ्यांच्या पुस्तकांतून पसरलाय. मूळ पुस्तकात सुरुवातीच्याच पानांत त्यांनी लिहिलंय की गूढ, चक्रव्यूह, अचानक समोर येणारी वाट यांतही मजा असते. फक्त दोन अटी आहेत. माणसाला आपण यातून कधीच बाहेर पडणार नाही अशी भीती वाटता कामा नये, आणि त्या भुलभुलैयाला स्वतःचा काहीतरी आकार हवा, जो हळूहळू उलगडत जाईल. 'तरुणपणी परक्या शहरात मुद्दाम हरवून बघा' असं सांगणाऱ्या प्रवासवर्णनांपेक्षा या दोन अटी कितीतरी शहाण्या आहेत.

पण पहिल्या अटीकडे पुन्हा बघा. बाहेर पडता येईल हा विश्वास कुठून येतो? लिंच यांच्या मांडणीत तो शहराच्या रूपातून येतो. रूप स्पष्ट, तर विश्वास आहे. मला वाटतं इथे विश्लेषण सगळ्यात कमकुवत आहे. व्हेनिसच्या गल्ल्यांइतकं गुंतागुंतीचं रूप दुसरीकडे क्वचितच असेल, आणि तरी लोक तिथे पैसे देऊन हरवायला जातात. टॅक्सीचे पैसे खिशात असणं, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत असणं, चुकून भलत्या गल्लीत शिरल्यावर 'इथे काय करतोस' असं कुणी दरडावून न विचारणं, रात्री दहाला रस्ता विचारताना आवाज न कापणं, यांतून विश्वास येतो. एकाच शहराच्या एकाच कोपऱ्यावर दोन तरुण उभे आहेत, दोघांनाही वाट माहीत नाही. एकासाठी ती संध्याकाळ पुढे मित्रांना सांगायची गोष्ट होते, दुसऱ्यासाठी ती शेवटची बस चुकणं होतं. शहराचं रूप दोघांना सारखंच होतं. म्हणजे रूप हा व्हेरिएबल या फरकाचं स्पष्टीकरण देऊ शकत नाही. हे इतकं साधं आहे की लिहायलाही संकोच वाटतो, पण कितीतरी प्रश्नावल्यांत प्रवाशाचं वय आणि लिंग हे फक्त पहिल्या पानावरच्या चौकटी भरण्यापुरतं असतं, विश्लेषणात त्याचं पुढे काहीच होत नाही.

लिंच यांना याची जाणीव पुढे झाली होती. 1984 मध्ये, म्हणजे त्यांचं निधन झालं त्याच वर्षी, त्यांनी आपल्याच पुस्तकाचा फेरविचार करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. सॅम्पल लहान आणि एका वर्गापुरतं होतं, माणसामाणसांतले फरक अभ्यासाने बाजूला ठेवले होते, जागेचा लोकांना वाटणारा अर्थ सुटला होता, हे सगळं त्यात आहे. नियोजनकारांनी आपल्या पद्धतीचं काय केलं याबद्दलची नाराजीही आहे: लोकांना शहराविषयी बोलतं करायचं होतं, आणि झालं काय, तर तज्ज्ञांच्या हाती आणखी एक नकाशांची वही आली. चोवीस वर्षांनी स्वतःच्या गाजलेल्या कामाबद्दल इतकं सरळ लिहिणारे थोडे. 1960 च्या पुस्तकाचा दाखला द्यायचा असेल तर 1984 चा निबंध वाचल्याशिवाय देऊ नका.

मधल्या काळात ज्यांनी या पद्धतीला ताण देऊन बघितला त्यांच्यात डोनाल्ड ॲपलयार्ड महत्त्वाचे. व्हेनेझुएलात सिउदाद ग्वायाना नावाचं नवं औद्योगिक शहर उभं राहत होतं, ठिकठिकाणाहून माणसं येऊन वसत होती. तिथल्या कामावरचा त्यांचा निबंध 1970 चा. तिथे बहुतेकांनी काढलेले नकाशे वरून बघितल्यासारखे नव्हतेच. एकामागून एक येणाऱ्या गोष्टींची रांग होती, जशी बसच्या खिडकीतून दिसते. आणि माणूस कशाने फिरतो यावर बरंच अवलंबून होतं: फक्त बसने फिरणाऱ्यांपैकी बहुतेकांना रस्त्यांचं सलग जाळं काढता आलं नाही, गाडी चालवणाऱ्यांना आलं. म्हणजे 'मनातलं शहर' हे शहराइतकंच तुमच्या तिकिटाचंही असतं. तरीही आजच्या विद्यार्थ्याच्या प्रस्तावात लिंच असतात, ॲपलयार्ड नसतात. पाच घटक लक्षात ठेवायला सोपे आहेत, हेच कारण असावं.

अलीकडचा एक निकाल लिंच यांच्या मूळ गृहीतकालाच बाजूने धक्का देतो. 'सी हीरो क्वेस्ट' या मोबाइल खेळात माणसं बोटीने वाट शोधतात. अँतोआन कुत्रो, ह्युगो स्पायर्स आणि सहकाऱ्यांनी 38 देशांतल्या 3,97,162 खेळाडूंची माहिती 2022 मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. जे शहराबाहेर वाढले ते सरासरीने वाट शोधण्यात सरस निघाले. शहरात वाढलेल्यांमध्ये शिकागोसारख्या चौकटीच्या रस्त्यांची शहरं असलेल्यांना वेड्यावाकड्या वाटांचा खेळ जड गेला. म्हणजे स्पष्ट, सरळ, सहज वाचता येणारं शहर तिथे वाढलेल्या माणसाला पुढच्या अनोळखी शहरासाठी कमी तयार करत असेल, अशी शक्यता उभी राहते. शक्यताच. हा खेळ आहे, पडद्यावर आहे, आणि सरासरीतला फरक म्हणजे शिकागोचा प्रत्येक माणूस चुकतो असं नाही. पण प्रवासी परक्या शहरात मोकळ्या हाताने उतरत नाही, आपलं गाव डोक्यात घेऊनच उतरतो, हे इथे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसलं. लिंच यांच्या साठ मुलाखतींत हे दिसणं शक्यच नव्हतं.

मग तुमच्या प्रस्तावाचं काय? पाच घटक काढून टाका असं मी म्हणत नाही. त्यांना वर्णनाची शब्दावली म्हणून ठेवा, कारण म्हणून नको. प्रश्न नवख्याचा असेल तर नवखी माणसं घ्या: परदेशातून आलेले विद्यार्थी, पहिल्या आठवड्यातले, आणि तेच सहा महिन्यांनी पुन्हा. वाटणं आणि असणं वेगवेगळं मोजा. सोबत फोन, बॅटरी, भाषा, वेळ, खिशातले पैसे यांची नोंद पहिल्या पानावर न ठेवता विश्लेषणात आणा. कुणाला वाट विचारली आणि काय उत्तर मिळालं हे शब्दशः लिहून घ्या, 'दोन ब्लॉक'सकट.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. मुंगीला मी चिमट्याने अलगद उचलून दुसरीकडे ठेवू शकते. माणसाला परक्या शहरात मुद्दाम भरकटवायचं ठरवलंत तर नैतिकता समिती पहिल्याच बैठकीत विचारेल की रात्री साडेनऊला त्याचा फोन बंद पडला तर तुम्ही कुठे असाल. दिवसा घ्या, सोबत निरीक्षक ठेवा, ठरल्या वेळी संपवा, असं करत करत तुम्ही प्रयोग सुरक्षित कराल, आणि तसतशी लिंच यांची पहिली अट आपोआप पूर्ण होत जाईल: बाहेर पडता येईल हा विश्वास. म्हणजे नेमकं जे मोजायचं होतं तेच प्रयोगातून निघून गेलेलं असेल. यावर मला दिसणारा मार्ग कंटाळवाणा आहे. माणसं आपणहून हरवतात तिथे, स्टेशनच्या बाहेर, विद्यापीठाच्या पहिल्या आठवड्यात, वही घेऊन उभं राहायचं आणि वाट बघायची. वेळापत्रकात त्यासाठी किमान दोन सत्रं धरा. एका सत्रात पुरेशी नवखी माणसं भेटत नाहीत.